मेडिकलला जायचे असेल तर पदवीचे कॉलेज कोणते?

“मुलीला डॉक्टर व्हायचे आहे, तर प्री-मेडसाठी सर्वांत चांगले कॉलेज कोणते?” हा प्रश्न मला दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये, अमेरिकेतल्या कॉलेजांचे प्रवेशाचे निकाल लागतात त्या सुमारास, निरनिराळ्या मराठी घरांतून विचारला जातो. मी मध्यपश्चिमेतल्या एका सरकारी विद्यापीठात, पुढे मेडिकलला जाऊ पाहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना सल्ला देण्याचे काम करते, त्यामुळे माझ्याकडे एखादे नाव तयार असेल अशी विचारणाऱ्यांची अपेक्षा असते. यंदा एका आईने प्रश्न अधिक नेमका केला: “ताई, आमच्या राज्याच्या विद्यापीठातल्या ऑनर्स कॉलेजात निम्मी फी माफ होते आहे आणि पूर्वेकडच्या एका नामांकित खासगी विद्यापीठात पूर्ण फी भरून प्रवेश मिळाला आहे. कुठे घालू?” (ऑनर्स कॉलेज म्हणजे मोठ्या विद्यापीठातच निवडक हुशार मुलांसाठी असलेला विभाग.) तिला फोनवर जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहिते.

आपल्याकडे बारावी, नीट आणि मग एमबीबीएस अशी सरळ वाट असते, म्हणून प्री-मेड हा एखादा अभ्यासक्रम असावा असे पालकांना वाटते. अमेरिकेत मेडिकलला पदवीनंतर जायचे असते आणि प्री-मेड हा वेगळा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी नसतो. चार वर्षांची पदवी कोणत्याही विषयात घ्यायची, इतिहासातही चालते, आणि तिच्याबरोबर जीवशास्त्र, रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायन, भौतिकशास्त्र, जीवरसायन असे ठरावीक विषय प्रयोगशाळेसह पूर्ण करायचे, एवढाच त्याचा अर्थ. (ही पदवीची अट पूर्वी नव्हती. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, त्या आधी पदवी न घेताच. जॉन्स हॉपकिन्सचे मेडिकल स्कूल १८९३ मध्ये पदवीची अट घालूनच उघडले आणि इतरांनी हळूहळू तोच कित्ता गिरवला.) हे विषय जवळपास प्रत्येक बऱ्या विद्यापीठात शिकवले जातात, तेव्हा ‘प्री-मेडसाठी चांगले’ या शब्दांवरून कॉलेजांची निवड होऊ शकत नाही.

नावाला काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. काही प्रवेश समित्या कॉलेजचे नाव पाहतात. परंतु एमडीच्या (येथली डॉक्टरकीची मूळ पदवी, आपल्या एमबीबीएससारखी) बहुसंख्य कॉलेजांचे अर्ज ज्या सामायिक सेवेतून जातात, ती प्रत्येकाचा जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) स्वतः नव्याने मोजते, विज्ञान व गणिताचा वेगळा काढते, पुन्हा दिलेल्या विषयाचे दोन्ही गुण धरते, आणि कॉलेज अवघड होते म्हणून कोणाच्या आकड्यात भर घालत नाही. एका विद्यार्थिनीचे पहिले वर्ष जड गेले असे धरू: ३० क्रेडिटना ३.२. पुढच्या तिन्ही वर्षांत तिने जीव तोडून अभ्यास केला आणि ९० क्रेडिटना ३.९ मिळवले. तरी चार वर्षांचा आकडा ३.७३ च्या वर जात नाही, आणि प्रवेश मिळालेल्यांची सरासरी अलीकडे त्याहून जास्त आहे. एमडीसाठी वर्षाला सुमारे ५२,००० जण अर्ज करतात आणि सुमारे २३,००० जणांना जागा मिळते. एमकॅट ही प्रवेशपरीक्षा, ४७२ ते ५२८ गुणांची, सर्वांना एकच असते. म्हणून जेथे पहिल्याच सत्रात आपल्या मुलीचा पाय घसरणार नाही, आणि घसरलाच तर ते वेळेत कोणाच्या तरी लक्षात येईल, ते कॉलेज तिच्यासाठी चांगले. शाळेत एपी (कॉलेजच्या पातळीच्या) रसायनशास्त्रात पाचपैकी पाच मिळाले म्हणून येथला पहिला अभ्यासक्रम सोडून थेट सेंद्रिय रसायनात उडी घेणारी मुले मला दर वर्षी भेटतात. काही मेडिकल स्कूल एपीचे क्रेडिट धरतच नाहीत किंवा त्याच विषयातला वरचा अभ्यासक्रम मागतात, तेव्हा त्या उडीचा फायदाही अनेकदा होत नाही.

माझ्या मते सर्वांत कमी विचारला जाणारा आणि सर्वांत मोलाचा प्रश्न शिफारसपत्रांचा आहे. तीनशे जणांच्या वर्गात ‘ए’ मिळवलेल्या मुलीविषयी प्राध्यापक काय लिहिणार? “ही माझ्या वर्गात होती, तिला ए मिळाला, ती वक्तशीर आहे.” गुणपत्रिकेत जे दिसते त्यापलीकडे या पत्रात काही नसते. याउलट जिने दर आठवड्याला प्राध्यापकांना त्यांच्या राखीव वेळेत जाऊन गाठले, त्यांच्या प्रयोगशाळेत दोन वर्षे पेशी वाढवल्या, एक प्रयोग फसल्यावर तो का फसला हे स्वतः शोधून काढले, तिच्याविषयी दोन पाने लिहिली जातात आणि समिती ती वाचते. छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात (पदवीच्या शिक्षणावरच भर देणाऱ्या कॉलेजात) अशी ओळख आपोआप होते. मोठ्या विद्यापीठात ती कमवावी लागते, पण तेथे शेजारीच रुग्णालय आणि संशोधन असते. बुजऱ्या मुलीला पहिले आणि धीट मुलीला दुसरे, असे मी साधारणपणे सांगते.

कॉलेज पाहायला गेलात की “आमच्या ९० टक्के मुलांना मेडिकलला प्रवेश मिळतो” असे ऐकू येईल. तेव्हा शांतपणे विचारा: कोणाच्या ९० टक्के? काही कॉलेजांत विद्यार्थ्याला कॉलेजच्याच समितीचे शिफारसपत्र लागते, आणि गुण कमी असलेल्यांना ते पत्र नाकारले जाते किंवा यंदा थांबा असे सुचवले जाते. अर्ज करण्याआधीच चाळणी लागली की उरलेल्यांची टक्केवारी छान दिसणारच. पहिल्या वर्षी किती जणांना डॉक्टर व्हायचे होते आणि शेवटी किती झाले, हा आकडा मागून पाहा. तो सहसा मिळत नाही.

आता पैसा. नामांकित खासगी विद्यापीठांचा वर्षाचा एकूण खर्च आज अनेक ठिकाणी ९०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे, आणि मेडिकलचा खर्च त्यानंतर सुरू होतो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या ग्रॅड प्लस कर्जातून पूर्वी उरलेला सगळा खर्च भागवता येत असे. २०२५ च्या कायद्याने, १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ती योजना बंद केली आणि मेडिकलच्या विद्यार्थ्यांना वर्षाला ५०,००० व एकूण २,००,००० डॉलरची मर्यादा घातली. अनेक खासगी मेडिकल स्कूलांचा चार वर्षांचा खर्च मात्र ३,००,००० च्या वर आहे. त्यामुळे पदवीवर वाचवलेला डॉलर पूर्वीपेक्षा जास्त महत्त्वाचा झाला आहे. राज्याचा मुद्दाही पैशालाच जोडलेला आहे. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्याच्या रहिवाशांना झुकते माप देतात; टेक्ससमध्ये तर बाहेरच्यांना कायद्याने १० टक्क्यांहून अधिक जागा देता येत नाहीत. पदवीसाठी दुसऱ्या राज्यात गेल्याने सहसा तेथले रहिवासी होता येत नाही, म्हणून मुलगी कोठेही शिकली तरी घरच्या राज्यातच तिचे पारडे जड राहते.

एच-फोरवर (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असलेल्या मुलांच्या पालकांनी तर या सगळ्याआधी एक गोष्ट पाहावी. एकविसाव्या वर्षी मूल एच-फोरमधून बाहेर पडते, ग्रीन कार्डची रांग तोवर सरकलेली नसते, आणि मुलगी येथेच लहानाची मोठी झाली असली तरी एफ-वनवर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, परदेशी विद्यार्थिनी ठरते. अनेक मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांचा अर्जच घेत नाहीत. घेणाऱ्यांपैकी काही जण चार वर्षांची फी आधी एस्क्रो खात्यात (त्रयस्थाकडच्या राखीव खात्यात) ठेवायला लावतात, आणि केंद्राचे कर्ज मिळत नाही. कोण अर्ज घेते हे एमएसएआर या अधिकृत यादीत दिलेले असते. अशा घराने पदवीवर शिल्लक संपवू नये, असे मी स्पष्ट सांगते.

बारावीनंतरच मेडिकलची जागा राखून देणारे काही जोडअभ्यासक्रम आहेत, ब्राउनचा आठ वर्षांचा, मिसुरी विद्यापीठाचा कॅन्सस सिटीतला सहा वर्षांचा. मराठी घरांत त्यांचे आकर्षण फार. परंतु सतराव्या वर्षी घेतलेला हा निर्णय मुलीचा आहे की आपला, हे आधी तपासावे; प्री-मेड म्हणून आलेल्यांतले बरेच जण दुसऱ्या वर्षापर्यंत वेगळ्या वाटेला लागतात, आणि त्यात वाईट काही नाही.

त्या आईला मी ऑनर्स कॉलेज सुचवले. मुलगी फारशी बोलकी नाही, ऑनर्सचे वर्ग लहान असतात, आणि वाचलेला पैसा मेडिकलला लागेल. दोन गोष्टी मात्र होकार कळवण्याआधी प्रवेशपत्रात शोधायला सांगितल्या: फीमाफी चारही वर्षे आहे की पहिल्याच वर्षापुरती, आणि ती टिकवायला किती जीपीए लागतो. बहुतेक कॉलेजांना होकार १ मेपर्यंत कळवायचा असतो. शंका असल्यास त्याआधी आर्थिक साहाय्याच्या कार्यालयाला ईमेल करून उत्तर लेखी मागवून घ्यावे.