आमची वाटचाल : दांडीच्या तराजूपासून भुईकाट्यापर्यंत

नगरच्या ख्रिस्ती समाजात मास्तर, नर्स, ड्रायव्हर पुष्कळ. धंद्यात पडलेले थोडे. 1831 साली इथे अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले, 1842 मध्ये 'ज्ञानोदय' हे नियतकालिक इथूनच निघाले, शाळा-दवाखाने उभे राहिले आणि त्या वाटेने आमचे लोक नोकरीत गेले. आजोबाही मिशनच्या शाळेत शिक्षक. वडिलांनी मात्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीस वजन-तराजू दुरुस्तीचे दुकान टाकले. घरात ते कुणालाच पसंत नव्हते.

तेव्हा काम असायचे दांडीच्या तराजूंचे आणि लोखंडी वजनांचे. लोखंडी वजनाला एक भोक असते. त्यात शिसे भरून वजन बरोबर करतात आणि त्या शिशावरच निरीक्षकाचा शिक्का बसतो. शिसे थोडे कोरले की किलोचे वजन किलो राहत नाही. अशी कोरलेली वजने दुरुस्तीला यायची, तशी चांगली वजने घेऊन 'जरा कोरून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकेही यायची. काहींना तर दोन संच हवे असत, माल घेताना जड आणि विकताना हलका. वडील म्हणायचे, "ते काम इथे होत नाही." त्यापुढे एक शब्द नाही. थैलीत लहान-मोठी वजने बाळगू नका, असे बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात लिहिले आहे हे त्यांना पाठ होते, पण गिऱ्हाइकाला त्यांनी कधी वचन ऐकवले नाही.

मी धंद्यात आलो तेव्हा इलेक्ट्रॉनिक काटे आले होते. आज आमचे बरेचसे काम दूध संकलन केंद्रे, कांद्याचे व्यापारी, किराणा दुकाने आणि गाडीसकट माल तोलणारे भुईकाटे यांचे. शिसे कोरायची गरज संपली, त्या जागी 'सेटिंग' आले. कॅलिब्रेशनचा, म्हणजे काटा प्रमाण वजनांशी जुळवण्याचा, पासवर्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात काटा. पन्नास किलोच्या गोणीला काटा एकोणपन्नास दाखवू लागला तर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला कळायला मार्ग नाही. हमाली-तोलाई कापली जाते ती पट्टीवर, म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या कागदावर, दिसते तरी. ही कापलेली कुठेच दिसत नाही. काटामारीवरून या भागात आंदोलने होतात ती उगीच नव्हे.

कायदा स्पष्ट आहे. वैध मापनशास्त्राचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2011 पासून लागू आहे. दुरुस्ती करायला परवाना लागतो, काट्याची पडताळणी दरवर्षी, साध्या वजनांची दोन वर्षांनी, आणि दुरुस्तीसाठी सील तोडले की फेरपडताळणी झाल्याशिवाय काटा वापरायचा नाही. तरीही मोह असतो, कारण सील तुटते तिथे बहुधा आमचा माणूस एकटाच असतो.

बायबलमधल्या आमोस संदेष्ट्याच्या पुस्तकात धान्याचे व्यापारी आहेत. शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा पवित्र वार, कधी संपतो आणि माप लहान, वजन मोठे करून विकायला कधी बसतो, याची ते वाट पाहत असतात. मला त्यातली एक गोष्ट नेहमी टोचते : ते लोक शब्बाथ पाळत होते! उपासनेला हजर राहणारे, वार पाळणारे लोक होते ते. म्हणून दुकानाला बायबलमधले नाव देणे, भिंतीवर वचनाचे कॅलेंडर लावणे, रविवारी शटर खाली ठेवणे यांवरून मालक ओळखता येतो असे मी मानत नाही. आमच्याकडेही कॅलेंडर आहे. त्याच्याखाली बसून खोटे बिल करता येते.

खरी परीक्षा माझ्या मते मालकाच्या काउंटरवर होतच नाही. ती होते नेवाशाकडच्या एखाद्या गोडाऊनमध्ये, जिथे आमच्या मेकॅनिकच्या खिशात कुणीतरी नोटा कोंबतो. पोराला आठ हजारांवर राबवायचे आणि वर प्रामाणिक राहा म्हणून सांगायचे, म्हणजे माझ्या सचोटीचा खर्च त्याच्या खिशातून काढायचा. आम्ही दोन गोष्टी केल्या. पगार महिन्याच्या एक तारखेला, आणि तो असा की त्याचे घर चालले पाहिजे. आणि प्रत्येक कामाचे कार्ड : आधीचे रीडिंग, प्रमाण वजने ठेवून चारही कोपऱ्यांवर घेतलेले नंतरचे रीडिंग, सीलचा तपशील, दोघांच्या सह्या, एक प्रत गिऱ्हाइकाकडे. काम नाकारायला मेकॅनिकला मला फोन करून परवानगी विचारावी लागत नाही. आमच्याकडे सगळ्या धर्मांची मुले आहेत. सकाळी प्रार्थना सक्तीची नाही, कार्ड आहे.

काटा दुकानदाराच्या नुकसानीत चालत असला तरी तेही आम्ही सांगतो. काहींना वाटते आम्ही शेतकऱ्याच्या बाजूचे आहोत. तसे नाही.

रविवारचे मात्र मला ठरवावे लागले. दुकान बंदच असते, पण गळीत हंगामात कारखान्याचा भुईकाटा बंद पडला की मागे ट्रॅक्टर आणि ऊसतोड कामगारांच्या बैलगाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस वाळत जातो, बैल जू मानेवर घेऊन उभे. शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही लगेच वर काढणार नाही का, असे प्रभू येशूने विचारले होते. आमच्याकडे तर खरेच बैल असतात. तेव्हा आम्ही जातो, दर रोजचाच घेतो, आणि गेलेल्या माणसाला बदली सुट्टी. आमच्या चर्चच्या मंडळीतले काहीजण यावरून नाराज आहेत. 'आपल्यातलेच' म्हणून सवलत आणि बेमुदत उधारी मागणारेही बरेचदा तेच. दर सगळ्यांना एक आहे. दशांश, म्हणजे देवाच्या कामासाठी द्यायचा दहावा भाग, घरच्या उत्पन्नातून जातो, फर्मच्या नावाने पाटी लावून नाही.

प्रामाणिकपणाने धंदा वाढतो असे सभांमधून सांगतात. आमच्या हिशेबाच्या वह्यांत तसे दिसत नाही. कांद्याचे काही मोठे व्यापारी आम्ही गमावले ते गमावलेच, परत आले नाहीत. विनाबिल काम करणाऱ्यांपेक्षा आम्ही 18 टक्क्यांनी महाग पडतो, कारण जीएसटी ते भरतच नाहीत. दूध केंद्रांचे काम टिकून आहे, भुईकाट्यांचे हळूहळू वाढते आहे. मुलगी आता धंद्यात आहे. संगणकावरची कार्डे तिने सुरू केली. श्रीरामपूरला दुसरे दुकान काढावे असे तिचे म्हणणे आहे. जागा पाहिली आहे, प्रमाण वजनांचा दुसरा संच घ्यावा लागेल. पण तिथे एकट्याने काम सांभाळणाऱ्या माणसाला पगार किती द्यायचा, यावर आम्हा बापलेकीचे अजून जुळलेले नाही. तिचा आकडा माझ्यापेक्षा मोठा आहे.