तुम्ही विचारलंत म्हणून : ग्रुपवर लिहून झाडं वाचतात का?

नाशिकला संध्याकाळी गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेले की कुणी ना कुणी विचारतंच, "काकू, व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून झाडं वाचतात का हो?" नुसत्या मेसेजनं नाही वाचत. पण मेसेज आला नसता तर आमचा वड गेलाच होता.

शहरातलं झाड तोडायचं तर 1975 च्या वृक्ष कायद्याप्रमाणे आधी वर्तमानपत्रात आणि त्या झाडावर नोटीस लावावी लागते. हरकतीला मुदत 7 दिवस. गंगापूर रोडला आमच्या कॉलनीत सकाळी फिरणाऱ्या एकानं नोटिशीचा फोटो ग्रुपवर टाकला, तेव्हा त्यातले 2 दिवस उलटले होते.

नोटिशीत वडाचं वय लिहिलं होतं 35. कायद्यातल्या 2021 च्या दुरुस्तीनं 50 वर्षांपासूनच्या झाडांना वारसा वृक्ष मानलंय, त्यामुळे सगळं या आकड्यावर अडलं होतं. मी ग्रुपवर विचारलं, "कुणाच्या घरी जुने फोटो आहेत का?" रात्री साडेदहाला एका सुनेनं सासूबाईंच्या लग्नाचा फोटो पाठवला. वरात थांबलीय, पारावर वाजंत्री बसलेत आणि मागे वड, तेव्हाच दोघांच्या कवेत न मावणारा. फोटोच्या पाठीवर स्टुडिओचा शिक्का, मे 1969. या सासूबाई, म्हणजे आमच्या आजी, दर वटपौर्णिमेला त्याच वडाला सूत गुंडाळत आल्या होत्या. त्यांनी हरकत स्वतःच्या हातानं लिहिली. दोन ओळींचीच, पण ती वाचताना माझे डोळे भरून आले.

एकच मजकूर सगळ्यांनी पाठवायचा, हे मला पटत नाही. प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहावं, कचेरीत द्यावं आणि पोच घ्यावी. आमच्या 63 पोचपावत्या झाल्या. वड राहिला. त्याच्या शेजारचे दोन कडुनिंब मात्र गेले. त्यांचा एकही फोटो कुणाकडे निघाला नाही.

2025 च्या नोव्हेंबरात सिंहस्थ कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी, म्हणजे साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, तपोवनातली सतराशेच्या वर झाडं तोडायची नोटीस निघाली, तेव्हा अख्खं नाशिक असंच फोनवरून जागं झालं आणि माणसं प्रत्यक्ष झाडांपाशी जाऊन उभी राहिली. मीही गेले होते.

आता एक मागणं आहे. घरातले जुने अल्बम काढा. लग्न, मुंज, शाळेचा ग्रुप फोटो, काहीही चालेल. मागे झाड दिसलं तर फोटो पाठवा आणि पाठीवर तारीख असेल तर तिचाही.