तुम्ही विचारलंत म्हणून: मुलाला कुठली एअरगन घेऊ?

मी नेमबाजी शिकवते, आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतो. कधी फोनवर, कधी शूटिंग रेंजच्या पायऱ्यांवर, कधी लग्नाच्या पंगतीत. ‘मॅडम, पोराला शूटिंगचं वेड आहे. कुठली एअरगन घेऊ? पंधरा हजारापर्यंत बसली पाहिजे.’ मी म्हणते, आत्ता कुठलीच घेऊ नका. समोरचा माणूस गप्प होतो. त्याच्या मनात काय येतं ते मला कळतं: हिला क्लबची फी हवीय, नाहीतर हा खेळ आपल्यासारख्यांचा नाही असं हिला म्हणायचंय. फी माझ्या खिशात येत नाही आणि खेळ तुमचाच आहे. पण दोन मिनिटांच्या फोनवर कारण सांगून होत नाही, म्हणून एकदाच सगळं लिहिते.

आधी एक गोंधळ मिटवू. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ मिळवलं आणि त्यानंतर असे फोन फार वाढले. त्याचा प्रकार ५० मीटर थ्री पोझिशन, म्हणजे गुडघ्यावर, पालथं आणि उभ्यानं. त्याला .२२ इंची नळीची खरी रायफल लागते, ती परवान्याशिवाय मिळत नाही. तुमचा मुलगा किंवा मुलगी जिथून सुरुवात करणार तो प्रकार १० मीटर एअर रायफल. २००८ ला बीजिंगमध्ये अभिनव बिंद्रानं सुवर्ण मिळवलं ते यात, आणि २०२२ ला कैरोत ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील जगज्जेता झाला तोही यातच.

कायद्याचं थोडक्यात सांगते. नळी .१७७ इंची, म्हणजे ४.५ मिलिमीटरची, आणि ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या आणि पावती जपून ठेवा. .२२ ची एअरगन कुणी ‘चालतंय की’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आणि पाखरं, खारी, गल्लीतली कुत्री यांच्यावर नेम धरायचा विचार असेल तर इथेच थांबा. पाखरांच्या शिकारीविरुद्ध १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि तसलं पोर मी लाइनवर उभं करत नाही.

आता टार्गेट जरा जवळून बघा. काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, दहा रुपयांच्या नाण्याहून जेमतेम मोठा. मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा, त्याची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत हवा. खांद्यापासून नळीचं टोक साधारण एक मीटरवर आणि टार्गेट दहा मीटरवर. टोक पाव मिलिमीटर हललं की दहा गेला. पाव मिलिमीटर म्हणजे वहीचे दोन-तीन कागद. हे साठ वेळा करायचं, ७५ मिनिटांत, उभ्यानं.

हे कशानं जमतं? रिकाम्या बंदुकीनं. रेंजवर त्याला नुसतं ‘ड्राय’ म्हणतात. छर्रा न घालता उभं राहायचं, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायचं, डोळे मिटून दोन श्वास घ्यायचे आणि उघडायचे. साइट, म्हणजे गनवरची नेम धरायची खूण, टार्गेटच्या बाजूला गेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही, पाय सरकवायचा. मग ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायचा, दाब वाढवत न्यायचा, ‘टक्’ झाल्यावरही दोन सेकंद साइटमधून बघत राहायचं आणि ती कुठे हलली ते स्वतःला सांगायचं. आठ-दहा सेकंदांत शॉट निघाला नाही तर रायफल खाली. सुरुवातीला एका खऱ्या शॉटमागे तीन ड्राय, एवढं तरी मी करून घेते.

माझा पहिला आक्षेप इथेच आहे. पंधरा हजारात जी गन येते ती बहुधा नळी सांध्यात वाकवून कॉक करायची, म्हणजे स्प्रिंग दाबून ठेवायची, स्प्रिंग गन. तिच्यात ट्रिगर ओढला की दाबलेली स्प्रिंग पिस्टनला पुढे फेकते, पिस्टन हवा दाबतो आणि ती हवा छर्रा ढकलते. छर्रा नसेल तर हवा अडत नाही, पिस्टन सरळ जाऊन सिलिंडरच्या टोकावर आपटतो. असं रोज केलं तर हवा अडवणारं सील जातं, स्प्रिंग तुटते. म्हणजे ज्या सरावानं नेमबाज घडतो तोच सराव या गनवर करता येत नाही. क्लबच्या हवेच्या सिलिंडरवाल्या मॅच रायफलींना बहुतेक वेळा ड्रायची सोय असते. शिवाय स्प्रिंग गन दर शॉटला कॉक करायला बारा-पंधरा किलोचा जोर लागतो. तेरा वर्षांच्या मुलाचा खांदा विसाव्या शॉटला थरथरायला लागतो आणि पुढचे शॉट वाया जातात.

पण मी नेहमी असं म्हणत नव्हते, हेही कबूल करते. दहा वर्षांपूर्वी माझं उत्तर होतं, ‘साधी गन घ्या, घरी मारू दे, आवड टिकली तर पुढचं बघू.’ माझ्याकडे तेव्हा कारणही होतं, आणि आजही ते मला पूर्ण खोडता येत नाही. स्प्रिंग गनमध्ये छर्रा नळीतून सुटायच्या आधीच गन मागे-पुढे हलायला लागते. शॉट झाल्यावर अंग जरा सैल सोडलं तरी छर्रा भरकटतो. म्हणजे शॉटनंतर स्थिर राहायची शिस्त ती आपोआप लावते. ते खरंच आहे. अडचण एवढीच, की गनच ढिली असेल तर ती शिस्त लागते का मोडते, हे मी तेव्हा तपासत नव्हते.

एक मुलगा होता, तेराचा. माझ्याच सल्ल्यानं वडिलांनी स्प्रिंग गन घेतली, वर चार पट मोठं दाखवणारा स्कोप, म्हणजे दुर्बीण, बसवला. पाच शॉटचा ग्रुप, म्हणजे भोकांचा घोळका, साठ मिलिमीटर पसरायचा, काळ्याच्या दुप्पट. मी त्याचे पाय बदलले. श्वास बदलला. ट्रिगरवरचं बोट पेरावरून टोकाकडे आणलं. ‘झटका देतोयस,’ हे वाक्य मी त्याला सहा आठवडे ऐकवलं. वडील मागच्या बाकावर बसून ऐकायचे.

आमच्याकडे शॉट ‘कॉल’ करायला लावतात. भोक बघायच्या आधी, शॉट सुटताना साइट कुठे होती ते सांगायचं. हा सांगायचा, ‘मॅडम, नऊ, उजवीकडे.’ टार्गेटचं कार्ड ओढून बघावं तर भोक सहाच्या रिंगवर, खाली डावीकडे. पुढचा, ‘दहा असेल.’ भोक पाचवर. मला वाटलं पोरगा अंदाजपंचे बोलतोय, मनातलं सांगतोय. एकदा तसं बोलूनही दाखवलं, सगळ्यांसमोर. त्यानंतर तो कॉल करायचा बंद झाला. शॉट मारला की कार्डाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघायचा.

कॉल आणि भोक सतत वेगळं येत असेल, आणि दर वेळी वेगळ्याच दिशेला, तर आधी बंदूक तपासायची. नेमबाजाची चूक असते तेव्हा तिला एक ठरलेली दिशा असते: ट्रिगर ओढणाऱ्याचे शॉट एका बाजूला जातात, श्वास न सांभाळणाऱ्याचे वर-खाली पसरतात. चहूकडे विखुरले तर काहीतरी ढिलं आहे. हे मला माहीत होतं. मुलगा तेरा वर्षांचा आणि नवखा, म्हणून चूक त्याचीच असणार असं मी धरून चालले.

सातव्या रविवारी आमच्या एका सीनियर मुलीनं सहज त्याची गन उचलली, टेबलावर वाळूची पिशवी ठेवून पाच शॉट मारले. पसारा बावन्न मिलिमीटर. तिच्या हाताचा इतका पसरलेला ग्रुप मी कधी पाहिला नव्हता.

मग गन टेबलावर घेतली. दस्त्याच्या, म्हणजे गनच्या लाकडी भागाच्या, पुढच्या टोकाकडे दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, ट्रिगर गार्डपाशी आणखी दोन. पुढचा उजवा स्क्रू मला बोटांनी फिरवता आला. त्याखालचा वॉशर नव्हताच आणि लाकडातलं भोक घासून लांबट झालं होतं. म्हणजे दर शॉटला गन दस्त्यात नव्या जागी बसत होती. स्कोप धरणारे माउंट गनवरच्या रुळावरून दोनेक मिलिमीटर मागे सरकलेले, काळ्या रंगावर चकचकीत ओरखडा स्पष्ट दिसत होता. स्प्रिंग गनचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे आणि मग पिस्टन थांबताना पुढे. त्या पुढच्या हिसक्यात स्कोप मागे राहतो. म्हणून माउंटला खाली एक अडकवणीची पिन असते, ती रुळावरच्या खाचेत बसवायची. ती बसवलेलीच नव्हती. शेवटी नळी जिथे मोडते त्या सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवली, छर्रा घालून शॉट मारला. पट्टी उडाली. सांध्याचं सील गळत होतं, हवा कधी कमी कधी जास्त जात होती.

दुरुस्तीला दीड तास लागला. स्क्रूंना दातेरी वॉशर घातले, आट्यांवर निळं लॉकिंग द्रव थेंबभर टाकलं. लालवालं टाकू नये, पुन्हा सहज उघडत नाही. रूळ आणि माउंट थिनरनं पुसून तेल काढलं, पिन खाचेत बसवली, माउंटचे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले. सीलखाली पातळ प्लॅस्टिकची चकती कापून घातली. परत पिशवीवरून पाच शॉट. पसारा अठरा.

मी त्याची माफी मागितली, वडिलांसमोर. तो ‘ठीक आहे मॅडम’ म्हणाला. पुढचे दोन महिने येत राहिला, गुणही सुधारले. पण शॉट मारून माझ्याकडे बघायची सवय गेली नाही. दहावर दहा लागला तरी आधी माझ्याकडे बघायचा. नंतर यायचा थांबला. त्याची स्कोअरची वही रेंजवरच राहिली होती. प्रत्येक शॉटपुढे त्यानं आपला कॉल पेन्सिलीनं लिहिला होता, मी बोलल्यानंतरचेसुद्धा. तोंडानं सांगणं बंद केलं, लिहिणं नाही. त्या वहीतले कॉल बरोबर होते, हे मला आता ठाऊक आहे.

म्हणून मी ‘आत्ता गन घेऊ नका’ म्हणते. पहिले तीन महिने क्लबची रायफल वापरू द्या. ती पाच जण वापरतात, त्यामुळे बिघाड लपत नाही. दुसऱ्यानं मारून बघितलं की दोष गनचा का माणसाचा ते दहा मिनिटांत कळतं. या काळात खर्च करायचाच तर सपाट, कडक तळव्याचे बूट, डोळ्यांचा संरक्षक चष्मा आणि चांगल्या छर्ऱ्यांचे दोन डबे, पाचशे-पाचशेचे. छर्रा बोटात धरून त्याचा घागरा, म्हणजे मागची पोकळ कड, बघा. चेपलेला असेल तर टाकून द्या. आणि छर्ऱ्यात शिसं असतं, तेव्हा हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडायचा नाही. डावा डोळा मिटायची सवय लावू नका, त्यानं उजव्यावरही ताण येतो. डाव्या डोळ्यापुढे तीन सेंटिमीटर रुंदीची पांढरी पट्टी लावा, तेवढी नियमात बसते.

वर्षभर टिकला आणि मॅच रायफल घ्यायची ठरली तर नवी परदेशी रायफल दोन लाखांच्या पुढे जाते, म्हणून बहुतेक जण वापरलेली शोधतात. ती बघताना नळीच्या आधी सिलिंडर बघा. त्यावर तारीख कोरलेली असते आणि आयुष्य साधारण दहा वर्षांचं. तारीख उलटलेली असेल तर नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. २०० बार दाबाला भरून रात्रभर ठेवा, सकाळी काटा खाली आलेला असेल तर गळती आहे.

पण हे सगळं ज्यांच्या शहरात रेंज आहे त्यांच्यासाठी झालं. गेल्या महिन्यात चंदगडकडच्या एका आईचा फोन आला. मुलगी सातवीत, शालेय स्पर्धेत ओपन साइटमध्ये, म्हणजे गनवरच्या साध्या साइटच्या प्रकारात, उतरायचंय. रोज रेंजवर येणं शक्य नाही. तिला ‘तीन महिने क्लबवर या’ म्हणणं म्हणजे ‘खेळू नका’ म्हणणंच. तिला मी काय सांगायचं? माझं आजचं उत्तर तिला लागू पडत नाही, आणि जुन्या उत्तरानं काय झालं ते वर लिहिलंय. शेवटी मी तिला ‘घ्या’ म्हटलं. बरोबर केलं का, सांगता येत नाही.

तिला जे लिहून पाठवलं ते इथेही देते. वहिनी, स्कोप घेऊ नका, गनवर असलेली साधी साइटच स्पर्धेत लागते. घरामागं भिंत असलेली जागा बघा, टार्गेटच्या मागे कुणाची ये-जा नको. दहा मीटर टेपनं मोजा, टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. मागे तीन मिलिमीटरचा लोखंडी पत्रा, वरची कड तुमच्याकडे झुकवून ४५ अंशांत, म्हणजे छर्रा खाली आपटेल, खाली वाळूची पाटी. लाकडी फळी नको, तिच्यावरून छर्रा परत येतो. चष्म्याशिवाय एकही शॉट नाही. छर्रा भरताना तिचा एक हात नळी घट्ट धरूनच ठेवेल. उघड्या नळीत ट्रिगर ओढला गेला तर ती जोरात मिटते आणि बोटं सापडतात. रोज वीसच शॉट. ड्रायऐवजी गन कॉक न करता नुसती धरून उभं राहायचं, वीस-वीस सेकंद, दहा वेळा. पहिला छर्रा भरायच्या आधी दस्त्याचे चारही स्क्रू आवळा, आणि दर रविवारी पुन्हा बघा. प्रत्येक शॉटचा कॉल तिला आधी लिहू दे, मग कार्ड बघू दे. दोन्ही जुळत नसेल तर तिला काही बोलू नका. मला वहीचं पान आणि कार्ड शेजारी ठेवून फोटो पाठवा, पाचही भोकं दिसतील असा.