तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या लॅपटॉपवर काय बसवावे?

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार (सुरक्षेचे अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हापासून नातेवाईक आणि परिचित मला एकच प्रश्न विचारत आहेत: लॅपटॉप उत्तम चालतो, पण विंडोज ११ त्यावर चढत नाही, मग लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, मॅक घ्यावा, की विंडोजचाच नवा लॅपटॉप आणावा? उत्तर देण्याआधी मी उलट विचारतो की, एका विशिष्ट प्रोग्रॅमवाचून अडून बसेल असे तुमचे काम कोणते?

मी स्वतः मात्र हा प्रश्न वेळेवर विचारला नव्हता. माझ्या २०१६ च्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा लागतो, म्हणून मी उत्साहाने विंडोज पुसून लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) बसवले. लॅपटॉप तरतरीत झाला. पण चौथ्या दिवशी जुन्या लेखांच्या फाइली उघडल्या, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसला. ते लेख युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी युनिकोड पद्धत रुळण्याआधीच्या, फॉन्टमध्ये टंकलेले होते, आणि अशा फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षर रोमनच असते, फॉन्ट त्यावर केवळ देवनागरीचा मुखवटा चढवतो. फॉन्टची फाइल आणून टाकल्यावर मजकूर दिसू लागला, परंतु टंकनाचा प्रोग्रॅम विंडोजपुरताच असल्यामुळे त्यात दुरुस्ती करता येईना. अखेर सर्व लेख युनिकोडमध्ये आणले आणि रफार, जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यात दोन महिने घालवले. आता इनस्क्रिप्ट या भारतीय लिपींच्या प्रमाण कळफलकावर लिहितो. तो तिन्ही सिस्टिममध्ये मुळातच असतो, हे आधी ध्यानात घेतले असते तर बरे झाले असते.

म्हणूनच हिशेबाची कामे करणाऱ्या माझ्या मेहुण्यांना मी लिनक्सचा आग्रह केला नाही. त्यांचा दिवस टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर आणि डिजिटल स्वाक्षरीच्या यूएसबी टोकनवर चालतो. विंडोजचे काही प्रोग्रॅम ‘वाईन’ नावाच्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने लिनक्सवर चालतात हे खरे, पण २० तारखेला जीएसटीचे विवरणपत्र भरायचे असताना हा प्रयोग करण्याची छाती माझी तरी नाही. त्यांनी विंडोजचाच नवा लॅपटॉप घेतला. मॅकविषयी इतकेच सांगतो की, २०२० नंतरच्या ॲपलच्या चिप असलेल्या मॅकमध्ये रॅम मागाहून वाढवता येत नाही, तेव्हा खरेदीच्या वेळीच पुढच्या काही वर्षांचा विचार करावा.

आत्याचे प्रकरण वेगळे होते. तिला ब्राउझर, ईमेल, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि कधीमधी एखादे पत्र छापणे, एवढेच लागते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत आधार असल्याने तेच तिच्यासाठी योग्य वाटले, तरी या वेळी काहीही पुसण्याआधी मी मिंट पेनड्राइव्हवर घेऊन त्यावरूनच तिचा लॅपटॉप सुरू केला. असे केल्याने हार्ड डिस्कला हात न लावता सर्व काही तपासता येते. वायफाय, आवाज आणि कॅमेरा लगेच चालले. प्रिंटरने मात्र तासभर दाद दिली नाही, आणि तो पत्र छापेपर्यंत आत्याने मला विंडोज पुसू दिले नाही.