पुसलेलं कुंकू

शनिवार, रात्रीचे साडेअकरा. पाऊस सकाळपासून थांबलेला नाही.

खोडरबराचा तो चुरा डोळ्यांपुढून हलत नाही. किसला तेव्हा पांढरा होता. झाडला तेव्हा लालसर झाला होता आणि मला आनंद झाला होता, केवढा मळ निघाला म्हणून.

तीन आठवडे मी त्या एकाच वहीवर आहे. कार्तिक शुद्ध १, शके १८४६ ला सुरू झालेली रोजकीर्द, दुकानाच्या रोजच्या हिशेबाची, सगळी मोडी लिपीत. १९२४ चा पाडवा तो. त्याच डिसेंबरात इथं बेळगावात, टिळकवाडीत गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, त्यामुळे त्या दोन महिन्यांत गावात कुठला माल आला, काय भावानं गेला हे बघायला अभ्यासक वहीची वाट बघतायत. कागद गिरणीचा, तुरटी आणि राळेची खळ दिलेला. त्यातलं आम्लच त्याला इतकी वर्षं खात आलंय. कोपरा दुमडला तर पापडासारखा मोडतो. अशा पानाला पाणी लावायच्या आधी कोरडी सफाई करावी लागते. आधी मऊ ब्रश, मग खोडरबराचा कीस पानावर पसरून बोटांच्या टोकांनी हलके हलके फिरवायचा. मळ धरला की झाडून टाकायचा. हे मला चांगलं येतं. हात हलका आहे असं दिल्लीच्या अभिलेखागारातल्या कोर्समध्येही म्हणाले होते.

पहिल्या पानावर वरती ‘श्री’ आणि त्याच्याखाली पिवळट-तांबूस ठिपका. तक्त्यात मी लिहिलं, ‘डाग, कारण अज्ञात’. आणि घासला.

दुपारी सरांनी पान भिंगाखाली घेतलं. म्हणाले, “याला चुन्याची निवळी लावू नको हं. हळद आहे, लाल होईल.” आम्ल मारायला आम्ही निवळी वापरतो आणि हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू तसंच तर करतात. मग त्यांनी विचारलं, “हळद आहे, मग कुंकू कुठाय?”

मी टेबलाकडं बघितलं. त्यांनीही बघितलं. “होगलि बिडु,” म्हणाले, जाऊ दे म्हणून, आणि चहाला गेले.

रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच वहीत मधे एक फोटो निघाला होता, दुकानाच्या पायरीवर बसलेली पाच माणसं. कडांना चंदेरी तकाकी आलेली. नवखा माणूस ती पुसायला जातो. मी गेले नाही, कारण मला ठाऊक होतं की ती फोटोतलीच चांदी आहे, वर्षानुवर्षांच्या दमट हवेत पृष्ठभागावर आलेली. पुसली तर फोटोच पुसायचा. त्याला मी हातही न लावता पाकिटात घातलं आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. शिकवलेलं सगळं ओळखता आलं मला. कुंकू तेवढं ओळखता आलं नाही. ते कुठल्या कोर्समध्ये नव्हतं, ते आमच्या दुकानात होतं.

खडेबाजारात आप्पांच्या गादीवर दर पाडव्याला वहीपूजन व्हायचं. नवी लाल वही, पाटावर विडा, खारीक, बत्तासे. आप्पा हळद लावायचे आणि कुंकू मला लावायला सांगायचे. “अनामिकेनं लाव, दाबू नको.” माझं बोट लहान होतं, ठिपका वाटाण्याएवढा उठायचा. आता बिलं कॉम्प्युटरवर निघतात, तरी एक वही पूजेला लागतेच. म्हणजे मागच्या दिवाळीलाही मी हेच केलंय. आणि आज त्याला डाग म्हटलं.

कुणाचं बोट होतं ते? दुकानदाराचं, की त्याच्याही घरात कुणी लहान होतं? सफाईच्या आधी पानाचा फोटो काढलेला आहे, तो नियमच आहे. पण उजेड सरळ वरून होता. तिरपा धरला असता तर कण उठून दिसले असते. फोटोत नुसता तांबूस ठिपका दिसतो, बोटाच्या रेषा नाहीत. पंधरा वेळा मोठा करून बघितला.

नोकरी लागून आठ महिने झाले. कराराचं काय होणार ते मार्चनंतर कळेल. आईनं पुण्याचा विषय परत काढला, ते आज नको.

जेवताना आई म्हणाली, “काय झालंय गं तुला, घास अडकल्यागत का बसलीस?” मग सांगितलं. आप्पांनी आधी विचारलं, “पान फाटलं नाही न्हवं?” नाही म्हटलं. “हळद हाय की अजून?” आहे, धाग्यात मुरली आहे, ती आता जात नाही. ते भात कालवत राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, “कुंकू वाळेपर्यंत कोण थांबतंय. पूजा झाली की वही मिटायची. समोरच्या अंगाला उठतंयच की ते.”

माझा हात ताटातच राहिला.

समोर म्हणजे पुठ्ठ्याची आतली बाजू. तिला मी अजून ब्रशसुद्धा लावलेला नाही. काळपट आहे, तिथं काय उठलंय काय नाही हे साध्या नजरेला कळायचं नाही. कदाचित काहीच नसेल. पुठ्ठा नंतर बदललेलाही असू शकतो.

चुरा मी फेकला नाही. सर चहाला गेले तेव्हा तो टिश्यूच्या कागदात बांधला, वर वहीचा क्रमांक आणि पान १ लिहिलं. तक्त्यातली ओळही खोडली. एका रेघेनं, वाचता येईल अशी. खाली लिहिलं, ‘हळद-कुंकू. कुंकवाचे कण कोरड्या सफाईत निघाले’, आणि सही केली. सही करताना हात थरथरत होता, केल्यावर थांबला. सरांनी परत येऊन ते वाचलं आणि बाजूला आपलीही सही केली.

उद्या रविवार, कुलूप. दमट काढणारं यंत्र चालू ठेवून आलेय, त्याची बादली रखवालदार ओतेल. सोमवारी साडेदहाला पहिल्यांदा दिवा तिरपा लावायचा. ब्रशला हात नाही.