मीटरचे घड्याळ साडेपाच तास मागे

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका रोलिंग मिलमध्ये नऊ ऊर्जामापक मीटर बसविण्याचे काम गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे होते. सीटी (मोठा प्रवाह मीटरला मोजता येईल इतका लहान करणारे रोहित्र) आणि पीटी (व्होल्टेजसाठी तेच काम करणारे रोहित्र) यांची गुणोत्तरे मीटरांत भरण्यात मी अर्धा दिवस घालविला. ३३ केव्हीच्या बाजूला ३३,०००/११० चा पीटी असेल तर गुणोत्तर ३०० येते. ४००/५ ची सीटी चुकून २००/५ अशी भरली गेली की वाचन निम्म्यावर येते. आणि तीनपैकी एका सीटीच्या दुय्यम तारा उलट जोडल्या गेल्या, तर संतुलित भारावर मीटर खऱ्या शक्तीच्या एक तृतीयांशच दाखविते. अशा चुका तारेभोवती पकडून प्रवाह मोजणारे क्लॅम्प मीटर लावताच उघड्या पडतात. घड्याळाची चूक मात्र महिनाभर कोणाच्या लक्षात आली नाही, आणि ती माझीच होती.

वेळ जुळविण्यासाठी मी मीटरांना कारखान्यातील एनटीपी सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून वेळ पुरविणारा संगणक, जोडून दिला. हा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळ देतो. तिच्यात साडेपाच तास मिळविण्याचे काम मीटरमधील कालविभागाच्या नोंदीने करावयाचे असते, आणि तीन मीटरांत ती नोंद शून्यच राहिली होती. मीटर वापराची नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडांत करते. खरी गंमत अशी की साडेपाच तास म्हणजे पंधरा मिनिटांचे बरोबर २२ कालखंड. त्यामुळे खंडांच्या सीमा तंतोतंत जुळत होत्या, महिन्याची एकूण युनिटेही जवळपास बरोबर येत होती, फक्त रात्री दहाचा वापर दुपारी साडेचारच्या नावावर जमा होत होता. वेळेनुसार दर बदलणाऱ्या टीओडी देयकाशी आमचे आकडे ताडून पाहिले तेव्हाच हा घोळ कळला. मिलमधील वायरमन मामा तोवर म्हणत होते, "साहेब, युनिट तर बरोबर दाखवतंय." त्यांचे म्हणणे खरेच होते.

जुन्या, सर्व्हरवरून वेळ न घेणाऱ्या मीटरांची तऱ्हा वेगळी. त्यांच्यातील घड्याळाला ठेका देणारा ३२,७६८ हर्ट्झचा स्फटिक साधारण २५ अंशांना सर्वांत योग्य चालतो. त्याहून उष्णता वाढो वा थंडी, तो मागेच पडतो, आणि हा फरक तापमानातील अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मराठवाड्यातील मे महिन्यात बंद पॅनेलमध्ये ५० अंश सहज होतात; तेथे दिवसाला पावणेदोन-दोन सेकंद, म्हणजे महिन्याला सुमारे एक मिनिट, घड्याळ मागे राहू शकते. उत्पादकाच्या प्रयोगशाळेतील थंडगार खोलीत हे दिसत नाही.

अशा मीटरांना मॉडबस या उपकरणांमधील संदेशपद्धतीवरून शून्य पत्त्यावर एकाच वेळी सर्वांना वेळ पाठविता येते, परंतु त्या संदेशाला कोणतेही मीटर उत्तर देत नाही. त्यामुळे नंतर प्रत्येकाची वेळ स्वतंत्रपणे वाचून खात्री करणे मी टाळत नाही. वेळ बदलावयाची ती खंडाच्या मध्यावर, सातव्या-आठव्या मिनिटाला. सीमेजवळ घड्याळ मागे घेतले, तर एकच खंड दोनदा नोंदला जाण्याची आणि कमाल मागणीचा, म्हणजे एखाद्या खंडातील सर्वाधिक भाराचा, आकडा बिघडण्याची शक्यता असते.

किती अचूकता हवी, हे कामावर ठरते. मागणीच्या नोंदीसाठी एक-दोन सेकंद चालतात. व्होल्टेजची घसरण आपल्या भट्टीमुळे झाली की बाहेरून आली, हे ठरवायचे असेल तर विद्युत गुणवत्तेची वर्ग अ ची उपकरणे लागतात. ५० हर्ट्झवर त्यांची वेळ २० मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे एका आवर्तनाइतकी, जुळलेली असावी लागते. फेज कोन मोजणाऱ्या उपकरणांना तेवढेही पुरत नाही, कारण तेथे आवर्तनाच्या ३६० अंशांपैकी एक अंश म्हणजे सुमारे ५६ मायक्रोसेकंद. म्हणून त्यांना जीपीएसची वेळ द्यावी लागते.

वीज कंपनीचे मीटर सीलबंद असते; त्याच्या घड्याळाला आपण हात लावू शकत नाही. आता दर महिन्याच्या १ तारखेला मामा त्याच्या पडद्यावरील वेळ आणि आमच्या मुख्य इन्कमरवरील (वीज जिथून आत येते तेथील) मीटरची वेळ शेजारीशेजारी वहीत लिहितात, आणि देयक ताडताना तेवढा फरक आम्ही धरतो.