पंपाच्या खोलीतली वही

त्या घरातला वाद मला फोनवरच कळला होता. घर नुकतंच विकत घेतलेलं. मागच्या अंगणात आधीच्या मालकांनी बांधलेला पोहण्याचा तलाव होता आणि तो ठेवायचा की बुजवायचा यावर नवरा-बायकोचं एकमत होत नव्हतं. त्याला तो चालू करायचा होता, तिला माती भरून बाग करायची होती. "तुम्ही येऊन बघा आणि काय ते सांगा," एवढ्यावर मात्र दोघं एक झाले होते. घरगुती स्विमिंग पूल बांधणं, दुरुस्त करणं आणि सांभाळणं यावरच माझं पोट चालतं, त्यामुळे मी 'ठेवा' म्हणणार असं त्याने गृहीत धरलं असावं.

येण्याआधी मी त्यांना दोन गोष्टी सांगून ठेवल्या. पहिली म्हणजे, मला आतून बघता यावं म्हणून पूल रिकामा करू नका. पावसानंतर जमिनीतलं पाणी वर आलेलं असतं. आतल्या पाण्याचं वजन गेलं की खालचं पाणी अख्खं बांधकाम नावेसारखं वर उचलतं, तळ फुगतो आणि भिंतींना तडे जातात. दुसरी म्हणजे, आदल्या दिवशी पंप बंद ठेवून पूल नेहमीच्या पातळीपर्यंत भरा, एका बादलीत त्यातलंच पाणी घ्या आणि ती शिडीच्या पायरीवर अर्धी बुडवून ठेवा. बादलीच्या आत एक खूण करा, पुलाच्या भिंतीवर दुसरी.

मी पोचलो तेव्हा चोवीस तास झाले होते. बादलीतलं पाणी ६ मिलिमीटर उतरलं होतं, पुलातलं १४. बादली गळत नाही, म्हणजे ते ६ मिलिमीटर निव्वळ बाष्पीभवनाचे आणि वरचे ८ गळतीचे. पूल ८ मीटर लांब आणि ४ रुंद. इतक्या पृष्ठभागावरून ६ मिलिमीटर म्हणजे दिवसाला १९० लिटरच्या आसपास पाणी नुसतं हवेत जातं. गळतीचं त्याहून जास्त, अडीचशे लिटर. हे ऐकून बाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की वाद इथेच मिटणार असं मला वाटलं.

पण गळती तळाला नव्हती. मी विचारलं, "नुसतं सोडून दिलं तर पाणी कुठपर्यंत उतरतं?" तो म्हणाला, "ते चौकोनी तोंड आहे ना, त्याच्या खालच्या कडेपर्यंत भराभर जातं. मग जवळजवळ थांबतं." म्हणजे स्किमर. पृष्ठभागावरचा कचरा ओढून घेणारा तो प्लॅस्टिकचा डबा आणि सिमेंटची भिंत यांच्यातला सांधा पहिल्यांदा सुटतो. तो दुरुस्त करायला तळ फोडावा लागत नाही. दुरुस्ती आवाक्यातली होती. पण दुरुस्त होतो म्हणून ठेवायचा, असं होत नाही. खरा प्रश्न वेगळाच होता आणि तो मी अजून विचारला नव्हता.

पाण्याकडे बघून मला स्वतःला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. ते हिरवट आणि गढूळ होतं, खोल बाजूचा तळ दिसत नव्हता. घरात चार वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी. बैठकीच्या खोलीचं सरकतं दार उघडलं की चार पावलांवर पाणी, मध्ये काहीही आडवं नाही. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातपाय आपटत नाही. ते आवाज न करता खाली जातं आणि अशा पाण्यात तळाशी गेलेलं दिसतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली, त्यातली जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालची मुलं होती. बाईंची भीती अवाजवी नव्हती, हे मी त्यांच्यासमोर स्पष्ट सांगितलं. तोवर ती भीती कोणी गांभीर्याने घेतलीच नव्हती, असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मग पंपाची खोली. एक अश्वशक्तीची मोटर, वाळूचा फिल्टर, गंजलेला दाबमापक. एका फळीवर क्लोरीनचा डबा आणि त्याला खेटून आम्लाचा कॅन. हे दोन्ही असे शेजारी कधीच ठेवायचे नसतात. एकमेकांत सांडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो. मी आधी कॅन बाहेर काढला. त्याच्या मागे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक लांब वही होती.

आधीच्या मालकांची नोंदवही. मी असल्या वह्या फार कमी पाहिल्यात, कारण फार कमी लोक त्या ठेवतात. तारीख, पीएच (पाणी किती आम्लधर्मी ते), क्लोरीन, बॅकवॉश (उलट्या प्रवाहाने फिल्टर धुणं) आणि शेरा असे रकाने पट्टीने आखलेले. मी उभ्याउभ्याच चाळायला लागलो आणि मग ती घेऊन बाहेर आलो.

पहिल्या उन्हाळ्यात शेऱ्याच्या रकान्याला जागा पुरलेली नाही. 'मुलं आणि मित्र, दुपारभर.' 'पाहुणे, रात्री दहापर्यंत.' 'पाणी गढूळ, क्लोरीन दुप्पट.' दुसऱ्या वर्षी हे निम्म्यावर आलं. तिसऱ्या वर्षापासून पानंच्या पानं अशी: 'पीएच ७.८, आम्ल घातलं. बॅकवॉश. कोणी नाही.' खाली पुन्हा 'कोणी नाही'. त्याखाली पुन्हा. पोहायला कोणी नाही, पण काम एक दिवस चुकलेलं नाही.

लोकांना जे मी वर्षानुवर्षं समजावत आलोय, ते इथे शाईत लिहिलेलं होतं. पुलाचा खर्च पोहण्याचा नसतो, पाण्याचा असतो. त्या पुलात सुमारे ५० हजार लिटर पाणी होतं. कोणी उतरो न उतरो, ते दिवसातून एकदा तरी पूर्ण गाळून निघावं लागतं. त्या मोटरला आठ तास लागले तर दिवसाला सहा युनिट वीज. ऊन क्लोरीन खातं, पाऊस आणि पाचोळा शेवाळाला खाद्य पुरवतो. आठवडाभर दुर्लक्ष केलं की पाणी हिरवं, आणि हिरवं झालेलं पाणी ताळ्यावर आणायला रोजच्या देखभालीपेक्षा कितीतरी जास्त औषध आणि वीज लागते. म्हणून रोज वापरात असलेला पूल आणि 'कोणी नाही' वाला पूल यांच्या खर्चात फारसा फरक नसतो.

त्याने वही घेतली, दोन-तीन पानं वाचली आणि गप्प झाला. बाई म्हणाल्या, "हेच होणार आपल्याकडे. वरून मुलांना त्या औषधाच्या पाण्यात उतरवायचं. बाहेरच्या पुलात गेलो की डोळे झोंबतात." तो लगेच म्हणाला, "मग मिठाचा करू. त्यात क्लोरीन नसतं."

दोन्ही समजुती मला जवळपास प्रत्येक घरात भेटतात. डोळे झोंबतात आणि उग्र वास येतो तो घाम आणि लघवी यांच्याशी संयोग झालेल्या क्लोरीनमुळे, आणि बहुतेक वेळा तेव्हा पाण्यात मोकळं क्लोरीन कमीच पडलेलं असतं. पीएच ७.२ ते ७.८ आणि मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखात एक ते तीन भाग) राखलेल्या स्वच्छ पाण्याला जवळजवळ वास नसतो. आणि मिठाच्या पुलात क्लोरीन असतंच. तिथलं यंत्र विजेने मिठापासून तेच तयार करतं, इतकंच. सोय होते, पाणी त्वचेला सौम्य लागतं, पण पीएच तपासायचं काम चुकत नाही.

मग मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. "सुट्टी सोडा, पाहुणे सोडा. कामाच्या साध्या दिवशी या पाण्यात कोण उतरणार?" तो म्हणाला, "मी. सकाळी व्यायामाला." मी म्हटलं, "आठ मीटरमध्ये चार हात मारले की भिंत येते. लांब पोहायची सवय असेल तर महिन्याभरात कंटाळाल. त्यासाठी बाहेरचा पंचवीस मीटरचा पूल बरा." मुलीने सूर मारायचं विचारलं, त्यालाही मी ठाम नाही म्हटलं. खोल बाजू २.२ मीटर असली तरी इतक्या लहान पुलात सूर मारणं म्हणजे मान मोडून घेणं.

इथवर बागेचं पारडं जड होतं. मी बुजवायचं कसं हे सांगायला लागलो होतो, तळाला भोकं पाडल्याशिवाय माती भरायची नाही, नाहीतर पावसाचं पाणी आतच साचून राहतं वगैरे. तेवढ्यात त्याच्या आईंनी वही मागितली. त्या इतका वेळ खुर्चीवर गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. त्यांनी सावकाश शेवटची पानं उलटली आणि मला म्हणाल्या, "हे काय लिहिलंय, बघा बरं."

मी तिथपर्यंत पोचलोच नव्हतो. अक्षर बदललेलं होतं आणि 'कोणी नाही'च्या जागी रोज एकच नोंद होती. 'आई, १० मिनिटं.' पुढे 'आई, २० मिनिटं, कठडा धरून.' आणखी पुढे 'आई, ४० मिनिटं.' असं जवळजवळ दोन वर्षं.

"त्यांना पोहता येत असेल का हो?" आईंनी विचारलं.

"ते ठाऊक नाही काकू. पण पाण्यात चालायला पोहता यावं लागत नाही. छातीइतक्या पाण्यात पायांवर अंगाचा तिसरा हिस्साच भार येतो. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जमिनीवर जे जमत नाही ते तिथे जमतं. अर्थात डॉक्टरांना विचारूनच."

"मी उतरेन," त्या म्हणाल्या. "रोज उतरेन. पण त्या शिडीवरून नाही."

त्या पुलाला सरळ उभी लोखंडी शिडी होती, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तिच्यावरून चढणं अशक्य. त्या क्षणी कामाची सगळी आखणीच माझ्या डोक्यात बदलली. इतका वेळ आम्ही मुलांसाठीच्या पुलाबद्दल बोलत होतो आणि त्या हिशोबाने तो ठेवण्यात अर्थ नव्हता. रोज उतरणारं माणूस सापडल्यावर पूलच वेगळा हवा होता.

खोल बाजू भरून घ्यायची आणि सगळीकडे १.२ मीटर पाणी ठेवायचं. पाणी ५० हजारांवरून ३८ हजार लिटरवर येतं, त्यासोबत औषध आणि गाळणीही कमी. शिडी काढून रुंद, उथळ पायऱ्या आणि दोन्ही बाजूंना कठडा. नव्या तळाला एकाऐवजी दोन निचरे, एकमेकांपासून लांब आणि जाळी लावलेले, म्हणजे एक झाकला गेला तरी अंग किंवा केस ओढले जाणार नाहीत. कमी-जास्त वेगाचा पंप, कारण वेग निम्मा केला की वीज आठव्या हिश्शावर येते, आणि दुप्पट वेळ चालवला तरी एकूण वीज चौथाई लागते. वर आच्छादन, त्याने बाष्पीभवन बरंच रोखलं जातं. वाहायचं आणि गुंडाळायचं सोपं असेल असंच घ्या, हे मी दोनदा सांगितलं. जड आच्छादन कोपऱ्यात पडून राहतं.

बाईंनी तिथेच एका कागदावर अटी लिहिल्या, आणि मला त्या माझ्या आखणीपेक्षा महत्त्वाच्या वाटल्या. घराच्या बाजूनेही, म्हणजे चारही बाजूंनी कुंपण. पाण्यात कोणीच एकटं उतरायचं नाही, आईसुद्धा. औषधं कुलपात, क्लोरीन आणि आम्ल दोन वेगळ्या जागी. पाणी तपासायचं काम नवऱ्याचं, आणि वहीत नोंद रोज. सलग दोन महिने 'कोणी नाही' लिहावं लागलं तर पूल बुजवायचा. शेवटची अट वाचून त्याने मान डोलावली आणि खाली सही केली.

पुलांच्या कामात कुंपण सगळ्यात शेवटी येतं, बहुतेकदा पैसे संपल्यावर. इथे ते पहिलं केलं. उंची १.२ मीटरहून जास्त, पाय ठेवायला आडवी पट्टी नाही, फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप मिटणारं, खिटी लहान मुलाचा हात पोचणार नाही इतकी वर. ते बसवल्यावर मी पूर्ण उघडून सोडलं, अर्धं उघडून सोडलं, बोटभर उघडून सोडलं. बोटभर उघडलं तेव्हा खिटी लागली नाही. बिजागरीची स्प्रिंग आवळून घेतली, पुन्हा तिन्ही वेळा तपासलं आणि मगच नळ सोडायला सांगितला.